काचेतल्या बाळाचा मेंदू पाहताना

टाळू भरणं आपल्याकडे घरोघरी चालतं. तेलाने टाळू भरते असं आजी म्हणते. खरं तर ती आपोआपच भरते, साधारण दीड वर्षापर्यंत. बाळाच्या डोक्यावरचा तो मऊ, उडणारा भाग म्हणजे कवटीची हाडं अजून न सांधलेली जागा. हाड ध्वनिलहरी अडवतं, टाळू अडवत नाही. म्हणून एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) गंभीर बाळाचा मेंदू आजही सगळ्यात जास्त वेळा पाहिला जातो तो इथूनच, साध्या सोनोग्राफीने.

एमआरआयचं चित्र याहून कितीतरी स्पष्ट असतं. अडचण आहे ती बाळाला तिथवर नेण्याची. २८व्या आठवड्यात जन्मलेलं, जेमतेम किलोभराचं बाळ. व्हेंटिलेटर, औषधांचे सिरिंज पंप, नाळेतून घातलेली नळी, हा सगळा संसार घेऊन लिफ्टने तळमजल्यावर जायचं. वाटेत बाळ गार पडतं, रक्तदाब खालीवर होतो, श्वासाची नळी जराशी सरकली तरी प्राणाशी गाठ. त्यात एमआरआयच्या खोलीत जबरदस्त चुंबक असल्याने नेहमीचे पंप आणि व्हेंटिलेटर आत नेता येत नाहीत. सीटी झटपट होतो, पण त्यात किरणोत्सार आला, आणि बाळाला हलवणं काही चुकत नाही. थोडक्यात, ज्या बाळाच्या मेंदूची सगळ्यात जास्त काळजी वाटते, नेमकं तेच हलवण्याजोगं नसतं.

सोनोग्राफीला मात्र बाळाला ठेवलेल्या काचेच्या पेटीची गोल खिडकी पुरते. जेल आधी कोमट करून घेतात, कारण गार जेल लागलं की बाळ दचकतं. छोटासा प्रोब टाळूवर अलगद टेकवायचा, दाब द्यायचा नाही. आधी तो पुढून मागे झुकवत न्यायचा, मग वळवून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे. पडद्यावर पाणी काळं दिसतं, ताजं रक्त पांढरं. पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते ती मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना लागून असलेल्या एका खोबणीकडे. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तिथे नव्या पेशी तयार करणारा थर असतो आणि त्यातल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. दिवस भरत येतात तसा हा थर विरून जातो. त्याआधीच जन्म झाला, तर रक्तदाबाचा चढउतार त्या वाहिन्यांना झेपत नाही आणि रक्तस्राव होतो, बहुतेकदा पहिल्या ७२ तासांत. त्याची तीव्रता आजही पपिल या डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडलेल्या चार पायऱ्यांत सांगितली जाते. गंमत अशी, की ती प्रतवारी मुळात सीटीच्या चित्रांवरून केलेली होती. सोनोग्राफीने ती नंतर उचलली.

सोनोग्राफीला मर्यादाही आहेत. कवटीलगतच्या कडा नीट दिसत नाहीत. डोक्याच्या मागे, तळाशी असलेला ‘लहान मेंदू’ पाहायचा तर कानामागच्या फटीतून पाहावं लागतं. जन्मताना गुदमरलेल्या बाळाच्या मेंदूला किती इजा झाली, हे एमआरआयइतकं नेमकं सांगता येत नाही. आणि टाळू भरलेल्या पाच-सात वर्षांच्या मुलासाठी ही वाट बंदच.

मग एमआरआयच बाळाजवळ का आणू नये? एक प्रयत्न म्हणजे एनआयसीयूतच बसवता येणारं, फक्त नवजातांसाठी केलेलं छोटं यंत्र. ‘एम्ब्रेस’ नावाच्या अशा यंत्राला अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २०१७ साली परवानगी दिली. डोक्याचा घेर ३८ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि वजन १ ते साडेचार किलो, एवढ्याच बाळांसाठी ते आहे. दुसरी वाट जास्त धाडसी. ‘हायपरफाइन’ कंपनीचं चाकांवरचं एमआरआय २०२० साली आलं. त्याचं चुंबक ०.०६४ टेस्ला (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप), म्हणजे नेहमीच्या दीड टेस्लाच्या सुमारे तेविसाव्या हिश्शाचं. ते भिंतीतल्या साध्या प्लगवर चालतं, वेगळी खोली लागत नाही, आणि टाळू भरलेल्या मुलाच्या खाटेशीही नेता येतं. मोबदल्यात चित्र पुसट येतं आणि बारीक इजा निसटू शकतात. मला हा सौदा वाईट वाटत नाही. रात्री दोन वाजता डॉक्टरांना हवं असतं ते एवढंच: रक्तस्राव मोठा आहे का, पाणी वाढतंय का, सूज आहे का. पुसटपणा सॉफ्टवेअर सावरून घेतं. तिथे मात्र जरा जपून, कारण गुळगुळीत चित्र खरंच असेल असं नाही.

पॅरिसच्या संशोधकांनी २०१७ साली आणखी पुढचं करून दाखवलं. अतिवेगवान अल्ट्रासाऊंडने त्यांनी टाळूतून मेंदूच्या बारीक वाहिन्यांतल्या रक्ताचे बदल टिपले आणि झटके येणाऱ्या दोन बाळांत ते कुठून सुरू होतात हे पाहिलं.

पण दिसणं आणि बाळाचं भलं होणं यात अंतर आहे. कपाळावरच्या सेन्सरने मेंदूतला प्राणवायू मोजत राहायचं आणि तो घसरला की ठरलेले उपाय करायचे, अशी एक मोठी चाचणी १६०१ अतिअपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झाली. २०२३ साली निकाल आला: मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा कमी झाली नाही.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच्या १९९४च्या कायद्याखाली सोनोग्राफीची यंत्रं येतात, त्यामुळे एनआयसीयूतल्या यंत्राचीही नोंदणी लागते आणि हलवण्याजोग्या यंत्रांवर जास्तीचे निर्बंध आहेत. कायद्यामागचं कारण महाराष्ट्राला कुणी समजावून सांगायला नको. तरीही बाळाच्या डोक्यापलीकडे न जाणाऱ्या प्रोबसाठी ही कागदपत्रं सोपी करता येतील.

पालकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट: पहिल्या आठवड्यातला ‘नॉर्मल’ रिपोर्ट शेवटचा नसतो. मेंदूच्या पांढऱ्या भागात रक्तपुरवठ्याअभावी पडणारी पोकळ छिद्रं इजेनंतर दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतात. तोवर बाळ बरेचदा पेटीबाहेर आलेलं असतं, वजनही वाढू लागलेलं असतं. घरी जाण्याची घाई झालेली असते तेव्हाच पुढच्या सोनोग्राफीची तारीख विचारून घ्यावी लागते.