ईडीआय–ईआरपी जोडणी : ठाणे–नवी मुंबई परिसरातील व्यवहार

इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज, म्हणजे ईडीआय, या पद्धतीत खरेदी ऑर्डर, माल पाठवल्याची सूचना, इन्व्हॉइस असे व्यापारी कागद ठरलेल्या साच्यात एका कंपनीच्या संगणकातून थेट दुसऱ्या कंपनीच्या संगणकात जातात. आलेला संदेश साठा, उत्पादन आणि हिशेब सांभाळणाऱ्या ईआरपीत आपोआप उतरावा आणि उत्तरही तिथूनच निघावे, यासाठी जी यंत्रणा उभारतात तिला ईडीआय–ईआरपी जोडणी म्हणतात. ईमेलने आलेली पीडीएफ पाहून कोणी ऑर्डर टाइप करत असेल, तर ते ईडीआय नव्हे.

ठाण्याची वागळे इस्टेट आणि ऐरोली, रबाळे, महापे ते तुर्भे अशी पसरलेली टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहत या भागात या जोडणीला विशेष महत्त्व आहे. येथील कारखान्यांना जवळचे मोठे कंटेनर बंदर म्हणजे उरण तालुक्यातील न्हावा शेवा. ते १९८९ मध्ये सुरू झाले. निर्यातीच्या एकाच खेपेची माहिती येथे निरनिराळ्या साच्यांत द्यावी लागते. युरोपातील ग्राहकाला ती बहुधा एडिफॅक्टमध्ये आणि अमेरिकेतील ग्राहकाला एक्स१२ मध्ये हवी असते; हे दोन्ही ईडीआयचे प्रमाणित साचे. सीमाशुल्क खात्याला ती आइसगेट या त्याच्या पोर्टलच्या नमुन्यात आणि जीएसटीच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलला जेसन या फाइल-नमुन्यात लागते. बंदरातील टर्मिनल आणि शिपिंग लाइन यांचे आपसातले संदेश आणखी वेगळे : कंटेनर गेटमधून आत-बाहेर गेला की कोडेको, जहाजावर चढला-उतरला की कोआरी. मूळ माहिती मात्र तीच असते. जोडणीचे सगळे सार ती एकदाच नोंदवण्यात आहे.

एक्स१२ ची समिती अमेरिकेत १९७९ मध्ये स्थापन झाली आणि एडिफॅक्ट संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९८०च्या दशकात घडले. भारतीय सीमाशुल्क खात्याची ईडीआय प्रणाली १९९५ पासूनची आहे.

आलेली फाइल आधी एएस२ किंवा एसएफटीपीसारख्या सुरक्षित फाइल-वहनाच्या मार्गाने कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचते. ट्रान्सलेटर हे सॉफ्टवेअर ती फोडते आणि मॅपिंगनुसार, म्हणजे कोणती माहिती कुठल्या रकान्यात जाणार या तक्त्यानुसार, ईआरपीच्या साच्यात बसवते. सॅप या ईआरपीमध्ये हा साचा म्हणजे आयडॉक. फाइलच्या वाहतुकीचा हा भाग तुलनेने लवकर उभा राहतो. वेळ जातो तो मॅपिंगमध्ये. एडिफॅक्टच्या डीटीएम या तुकड्यात तारखेआधी एक संकेत असतो : १३७ म्हणजे कागदाची तारीख, २ म्हणजे ग्राहकाला माल हवा ती तारीख. मॅपिंग करणाऱ्याने संकेत न पाहता पहिली तारीख उचलली, तर ऑर्डर बिनबोभाट आत येते आणि उत्पादनाचे वेळापत्रक चुकते. चूक कुठल्याही लॉगमध्ये दिसत नाही, म्हणून ती सर्वांत महाग पडते.

त्याहून अवघड बाब मास्टर डेटाची, म्हणजे कोड, एककांसारख्या मूळ नोंदींची. ग्राहकाचा आयटम कोड वेगळा, कारखान्याचा वेगळा. ग्राहक ऑर्डर नगांत देतो, स्टोअर बॉक्स मोजते. किलोग्रॅमसाठी एडिफॅक्टमध्ये केजीएम आणि जीएसटीत केजीएस. या तुलनेचे तक्ते कोण सांभाळणार हे आयटी विभाग एकट्याने ठरवू शकत नाही. विक्री, स्टोअर आणि अकाउंट्स या तिघांपैकी नेमक्या कोणावर ती जबाबदारी आहे, हे काम सुरू होण्याआधीच लिहून ठेवले पाहिजे.

पोचीबाबतही गैरसमज आढळतो. एक्स१२ ची ९९७ किंवा एडिफॅक्टची कंट्रोल ही पोच फाइल व्याकरणदृष्ट्या ठीक मिळाल्याचे सांगते; ऑर्डर स्वीकारली असे त्यातून सिद्ध होत नाही. ते उत्तर ८५५ किंवा ऑर्डर्स्प या स्वतंत्र संदेशातून जाते. ९९७ पाठवून झालेली ऑर्डरही सॅपमध्ये आयडॉक स्टेटस ५१ वर अडकलेली असू शकते. ५३ आल्यावरच ती नोंदली गेली असे धरतात. रोज सकाळी ५१ ची यादी पाहणारी एक ठरलेली व्यक्ती नसेल, तर चांगली जोडणीही निरुपयोगी ठरते. तीच फाइल ग्राहकाने दुसऱ्यांदा पाठवली तर दुसरी ऑर्डर उभी राहू नये, यासाठी ग्राहक आणि पीओ (खरेदी ऑर्डर) क्रमांक मिळून तपासणी लावावी लागते.

माहिती दोनदा टाइप करण्याची किंमत जुलै २०१७ नंतर निर्यातदारांनी मोजली. जीएसटी लागू झाल्यावर आयजीएसटीचा (निर्यातीवर भरलेल्या एकात्मिक जीएसटीचा) परतावा शिपिंग बिल (सीमाशुल्क खात्याकडे भरायचा निर्यातीचा कागद) आणि जीएसटी विवरणपत्र जुळल्यावरच मिळू लागला. पुष्कळांकडे कमर्शियल इन्व्हॉइसचा क्रमांक एक आणि जीएसटी इन्व्हॉइसचा दुसरा होता. सीएचएने (सीमाशुल्क दलालाने) शिपिंग बिलात पहिला भरला, अकाउंट्सने विवरणपत्रात दुसरा. परतावे एसबी००५ या त्रुटीखाली अडकले आणि २०१८ मध्ये सीमाशुल्क खात्याला अधिकाऱ्यांमार्फत दुरुस्तीची सोय करावी लागली. क्रमांक ईआरपीतून एकदाच तयार होऊन दोन्हीकडे फाइलनेच गेला असता, तर कष्टाचे खेळते भांडवल असे अडकले नसते.

ई-इन्व्हॉइसने, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या सक्तीने, या शिस्तीला कायद्याची जोड दिली. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरील उलाढालीपासून सुरू झालेली ही सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उद्योगांपर्यंत आली. निर्यातीची बिलेही तिच्यात येतात. क्रमांक १६ अक्षरांपेक्षा लांब असला किंवा शून्याने सुरू झाला, तर पोर्टल बिल परत करते. परदेशी ग्राहकाला जाणारे इन्व्हॉइस, शिपिंग बिल आणि ई-इन्व्हॉइस यांत एकच क्रमांक ठेवणे त्यामुळे इष्ट ठरते.

वागळे इस्टेटमधील लहान युनिटला पूर्ण जोडणीचा खर्च पेलतोच असे नाही. ते ग्राहकाच्या वेब पोर्टलवरून ऑर्डर उतरवून घेते आणि टॅलीत हाताने भरते. टॅली एक्सएमएल आयात करू शकते, तेव्हा पोर्टलवरून मिळालेली फाइल त्या साच्यात बदलून घेणारी छोटी सोय करता येते. अशा वेळी आधी खरेदी ऑर्डरची आवक जोडावी, कारण पुढचे डिलिव्हरी चलन, पॅकिंग लिस्ट आणि इन्व्हॉइस तिच्यातल्याच कोड व नगसंख्येवर तयार होतात.