स्नोबर्ड्स टूटर विमान अपघात, कॅम्लूप्स (२०२०)

कॅनडाच्या हवाई दलाच्या ‘स्नोबर्ड्स’ या हवाई कसरती करणाऱ्या पथकाच्या सीटी-११४ टूटर जेट विमानाला १७ मे २०२० रोजी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील कॅम्लूप्स येथे झालेला अपघात. उड्डाणानंतर काही क्षणांतच विमान विमानतळालगतच्या ब्रॉकलहर्स्ट या वस्तीत कोसळले. पथकाच्या जनसंपर्क अधिकारी कॅप्टन जेनिफर केसी यांचा मृत्यू झाला, तर वैमानिक कॅप्टन रिचर्ड मॅकडूगल गंभीर जखमी झाले. विमान एका घराच्या अंगणात पडून आग लागली. वस्तीतील कोणालाही गंभीर दुखापत झाली नाही.

पथक त्या वेळी प्रात्यक्षिकांच्या दौऱ्यावर नव्हते. कोविडच्या टाळेबंदीत लोकांना धीर यावा म्हणून ‘ऑपरेशन इन्स्पिरेशन’ नावाने ते देशभर गावोगावच्या आकाशातून उडत चालले होते. अपघाताच्या दिवशीचे उड्डाण तर केवळ पुढच्या मुक्कामाला, म्हणजे कोमॉक्स तळाला, जाण्यापुरते होते. दोन विमाने जोडीने निघाली. अपघात झाला तो मागच्या विमानाला.

टूटर हे कॅनडेअर कंपनीचे १९६०च्या दशकातील प्रशिक्षण विमान. सूर्यकिरण पथकाच्या जुन्या ‘किरण’प्रमाणेच यात दोघे शेजारी-शेजारी बसतात आणि इंजिन एकच असते. जे-८५ जातीच्या या इंजिनात हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचे आठ टप्पे आहेत. कॉम्प्रेसरचे प्रत्येक पाते म्हणजे एक छोटा पंखच. आत येणारा हवेचा झोत विस्कटला की पात्यांवरचा प्रवाह सुटतो, मोठा धमाका होतो आणि इंजिनाचा जोर जातो. याला कॉम्प्रेसर स्टॉल म्हणतात. अशा वेळी थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) मागे घ्यायचा, प्रवाह सावरू द्यायचा आणि मग हळूहळू जोर वाढवायचा, हा नेहमीचा उपाय. पुरेशी उंची असेल तर तो साधतो. धावपट्टी नुकतीच सुटलेली असताना तेवढी सवड नसते.

कॅम्लूप्सला नेमके हेच झाले. दोघांनीही आदळल्यासारखा आवाज ऐकला आणि जोर गेला. चौकशीत एका चित्रफितीत उजव्या हवाद्वाराच्या अगदी जवळ एक पक्षी दिसला. इंजिनाच्या आतील भागांवर पक्ष्याच्या डीएनएचा पुरावाही मिळाला. एवढ्याशा पक्ष्याने इंजिन बसले.

त्यानंतर वैमानिकाने विमान वर चढवले. एकइंजिनी जेटमध्ये शिकवला जाणारा हा उपाय मुळात योग्यच आहे: असलेला वेग उंचीत बदलायचा, म्हणजे विचाराला आणि बाहेर पडायला वेळ मिळतो. हवेचा रोध सोडून दिला तर २०० नॉटवरून १२० नॉटपर्यंत वेग खर्चून साधारण ३४५ मीटर उंची मिळते. प्रत्यक्षात बरीच कमी. पण ही पुंजी एकदाच वापरता येते. त्यात विमानतळाकडे वळण घेतले की पंखांवरचा भार वाढतो: उंची कायम राखून ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांवरचा प्रवाह सुटून विमान तरत नाही तो वेग, सुमारे १९ टक्क्यांनी, तर ६० अंशांना ४१ टक्क्यांनी वर जातो. इथे विमान वळणातच स्टॉल झाले. हा पंखांचा स्टॉल, इंजिनाचा नव्हे. बातम्यांत या दोन्हींची हमखास गल्लत होते.

मग वैमानिकाने विमान सोडण्याची आज्ञा दिली आणि दोघेही इजेक्शन आसनांसह, म्हणजे रॉकेटच्या जोराने बाहेर फेकल्या जाणाऱ्या आसनांसह, बाहेर पडले. मात्र आसन वाचवू शकेल अशा मर्यादा तोवर ओलांडल्या गेल्या होत्या. या मर्यादा नुसत्या उंचीवर ठरत नाहीत. विमान नाक खाली करून वेगाने उतरत असेल तर आसनाच्या रॉकेटचा बराचसा जोर ती घसरण थोपवण्यातच जातो. विमान कलले असेल तर आसन वरऐवजी आडवे फेकले जाते. पॅराशूट पूर्ण उघडायला लागणारे क्षण मग उरत नाहीत. म्हणूनच समतल किंवा चढत्या विमानातून ज्या उंचीवर माणूस वाचतो, त्याच उंचीवर स्टॉल झालेल्या विमानातून वाचेलच असे नाही.

हवाई दलाचा चौकशी अहवाल मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी चढायचे की आधी बाहेर पडायचे, हा प्राधान्यक्रम टूटरच्या नियमपुस्तिकांत स्पष्ट करावा, वस्तीवर किंवा वस्तीजवळ असताना इजेक्शनचा निर्णय कसा घ्यावा याचे निर्देश द्यावेत, आणि उड्डाणाच्या टप्प्यात कमी उंचीवर इंजिन निकामी होण्याचा सराव वाढवावा, या त्यातील प्रमुख शिफारशी. आमच्या मते दुसरी सर्वांत मोलाची. वस्ती समोर दिसत असताना इजेक्शनचे हँडल ओढायला हात धजावत नाही, आणि हा पेच जमिनीवरच सोडवून ठेवावा लागतो.

पुढे २ ऑगस्ट २०२२ रोजी फोर्ट सेंट जॉन येथे आणखी एका टूटरचे इंजिन उड्डाणानंतर लगेच बंद पडले. या वेळी कारण पक्षी नव्हता, तर नीट न जुळवलेला तेलाचा फिल्टर. वैमानिकाने विमान तातडीने खाली उतरवले. विमानाचे नुकसान झाले, वैमानिक वाचला.