मिकीचा किल्ला की बग्ज बनीचा?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गोव्यात, डिचोलीतल्या आमच्या वाड्यावर दोन गेम बॉय होते, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायची यंत्रं. एक माझ्या मामाने आणलेला. मामा मुरगावहून खनिज भरून जपानला जाणाऱ्या बोटीवर कामाला होता. दुसरा समोरच्या घरात. त्या मित्राचा काका अमेरिकेतल्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकघर सांभाळायचा. दोघेही तारवटी चवथीला घरी आले होते आणि गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली आरत्या संपल्या की आम्ही पोरं त्या दोन करड्या डब्यांवर तुटून पडायचो.

माझ्या कॅसेटवर जपानी अक्षरं होती आणि मिकी माऊस. मित्राच्या कॅसेटवर इंग्रजी अक्षरं आणि गाजर खाणारा बग्ज बनी. एका संध्याकाळी आम्ही दोन्ही गेम शेजारी शेजारी धरून एकाच वेळी सुरू केले आणि गप्पच झालो. तेच मजले, तेच जिने, तेच दरवाजे. मिकी जिथे वळायचा तिथेच बग्ज वळायचा. मित्र म्हणाला, तुझ्या मामाला नकली माल गळ्यात मारला. मी म्हटलं, नकली तुझीच. विसर्जन झालं तरी ते भांडण मिटलं नव्हतं.

दोघेही चुकत होतो. दोन्ही कॅसेट अस्सल होत्या, एकाच कंपनीच्या होत्या, आणि तो खेळ मुळात मिकीचाही नव्हता की बग्जचाही नव्हता. तो होता रॉजर रॅबिटचा.

१९८८ साली रॉबर्ट झेमेकिस यांचा ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ हा चित्रपट आला. हाडामांसाची माणसं आणि कार्टून पात्रं त्यात एकाच पडद्यावर वावरतात. डिस्नेच्या या चित्रपटात वॉर्नर ब्रदर्सची पात्रंही होती, आणि त्यासाठी अट अशी पडली की मिकी आणि बग्ज यांना पडद्यावर सारखाच वेळ मिळाला पाहिजे. म्हणून दोघे एकत्र दिसतात त्या प्रसंगात एकाला दुसऱ्यापेक्षा जास्त वाव मिळत नाही. पुढे जे घडलं ते पाहता हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. पडद्यावर जे दोघे काही क्षण शेजारी आले, तेच दोघे त्या चित्रपटावरून निघालेल्या खेळात आळीपाळीने नायक होणार होते.

हा खेळ बनवला जपानच्या केमको या कंपनीने, १९८९ च्या फेब्रुवारीत, टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी. चकतीवर मिळणारा खेळ होता. रॉजर या सशाने साठ लेव्हल पार करून आपल्या बायकोला, जेसिकाला सोडवायचं. जपानपुरतं सगळं सुरळीत होतं. अडचण आली तो अमेरिकेत न्यायची वेळ आली तेव्हा. तिथे रॉजर रॅबिटवर निन्टेन्डोचा खेळ काढायचे हक्क एलजेएन या दुसऱ्याच कंपनीकडे होते. त्यांचा खेळ वेगळा, इंग्लंडच्या रेअर कंपनीने बनवलेला.

हक्कांची ही भानगड गोव्यातल्या माणसाला समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. देवळाच्या माडांची पावणी, म्हणजे लिलाव होतो तेव्हा जमीन विकली जात नाही आणि माडही विकले जात नाहीत. ठरावीक मुदतीपुरते, ठरावीक माडांचे नारळ काढायचा हक्क तेवढा एकाला मिळतो. शेजारच्या रांगेतल्या माडांना त्याने हात लावायचा नाही. कार्टून पात्रांचंही तसंच. पात्र डिस्नेचंच राहतं. पण जपानात अमुक यंत्रावर त्याचा खेळ काढायचा हक्क एकाला, अमेरिकेत दुसऱ्याला. केमकोच्या हातात तयार खेळ होता, पण अमेरिकेच्या रांगेतला माड त्यांचा नव्हता.

मग त्यांनी वॉर्नर ब्रदर्सकडून बग्ज बनीचा परवाना मिळवला. रॉजरच्या जागी बग्ज आला, जेसिकाच्या जागी हनी बनी, आणि पाठलाग करायला डॅफी डक, सिल्व्हेस्टर, योसेमिटी सॅम, वायली कोयोटी. १९८९ मध्येच ‘द बग्ज बनी क्रेझी कॅसल’ या नावाने तो अमेरिकेतल्या दुकानांत लागला. एका सशाचा किल्ला दुसऱ्या सशाच्या नावावर झाला.

त्याच वर्षी निन्टेन्डोचा गेम बॉय आला. एप्रिलमध्ये जपानात, जुलैअखेर अमेरिकेत. हातात मावणारं यंत्र. चार पेन्सिल सेल, पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, आणि रंग म्हणाल तर हिरवट पिवळ्याच्या चार छटा. गुन्पेई योकोई या अभियंत्याच्या चमूने ते घडवलं. जुनं, स्वस्त, पक्कं झालेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा, हे योकोईंचं धोरण. त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांची रंगीत पडद्याची यंत्रं सेल संपवत बसली आणि गेम बॉय चालत राहिला. आमच्याकडे वीज गेली की तोच एक करमणुकीचा मार्ग असायचा. फक्त त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. समईच्या उजेडात तो तिरका धरून खेळल्याचं मला आठवतं.

या छोट्या यंत्रासाठी केमकोने तोच किल्ला पुन्हा बांधला आणि साठाच्या ऐंशी लेव्हल केल्या. जपानात १९८९ च्या सप्टेंबरमध्ये तो आला तेव्हा नायक झाला मिकी माऊस. तोक्योजवळ १९८३ सालीच डिस्नेलँड उघडलं होतं. जपानी मुलांना मिकी परका नव्हता. अमेरिकेत मात्र मिकीला घेऊन जाणं शक्य नव्हतं. तिथे निन्टेन्डोच्या यंत्रांवर डिस्नेच्या पात्रांचे खेळ कॅपकॉम काढत होती. दूरदर्शनवरून आपल्याकडे पोचलेल्या ‘डकटेल्स’वरचा गाजलेला खेळ त्यांचाच. म्हणून १९९० मध्ये अमेरिकेतल्या गेम बॉयवर पुन्हा बग्ज.

आमच्या भांडणाचं मूळ इथे होतं. मामाची बोट जपानी बंदराला लागली म्हणून माझ्याकडे मिकी आला. समोरच्या काकाचं जहाज अमेरिकेत होतं म्हणून त्यांच्याकडे बग्ज. मोठ्या टीव्हीच्या यंत्रांवर ही तुलना जमलीच नसती. जपानी फॅमिकॉमच्या कॅसेटला साठ पिना, अमेरिकी यंत्राच्या कॅसेटला बहात्तर. एकाची दुसऱ्यात बसतच नाही. गेम बॉयला मात्र असलं देशादेशांचं कुलूप नव्हतं. कुठलीही कॅसेट कुठल्याही डब्यात घाला, चालते. कंपन्यांनी वकील बसवून जे दोन बाजार वेगळे ठेवले होते, ते डिचोलीच्या एका पडवीत शेजारी शेजारी आले, आणि ते आणले बोटीवर राबणाऱ्या दोन माणसांनी. त्या दोघांचा मला आजही फार अभिमान वाटतो.

चेहरा बदलणं तांत्रिकदृष्ट्या सोपं का होतं, हेही सांगायला हवं. गेम बॉयवरचं चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरशांनी बनतं. नायक म्हणजे अशा काही फरशा एकमेकींना चिकटवून केलेली आकृती. तो किती वेगाने चालतो, भिंतीला कुठे अडतो, शत्रू कधी वळतो, हे नियम त्या चित्रांपासून वेगळे साठवलेले असतात. फरशा बदला, नियम तसेच ठेवा, की मिकीचा बग्ज होतो. एवढ्या थोड्या ठिपक्यांत डोळ्यांतले भाव कुठून येणार? ओळख पटते ती बाह्याकृतीवरून. दोन गोल कान म्हणजे मिकी, दोन लांब कान म्हणजे बग्ज. कार्टूनची पात्रं या यंत्रांवर इतकी शोभली त्याचं माझ्या मते हेच कारण. ती मुळातच लांबून, सावलीवरूनही ओळखू यावीत अशी काढलेली असतात.

पण नुसत्या फरशांवर खेळ टिकत नाही. क्रेझी कॅसलची खरी गंमत अशी की त्यात उडी नाही. मजल्यामजल्यांवरून पळायच्या खेळात नायकाला उडीच मारता येत नाही! तो चालतो, जिना चढतो, दारातून किंवा नळातून दुसरीकडे निघतो, कडेवरून खाली पडतो. बस्स. बग्जच्या खेळात लेव्हलमधली सगळी गाजरं गोळा करायची. हाताशी एखादा मुष्टियोद्ध्याचा हातमोजा लागला तर शत्रूला हाणायचा, जड वस्तू सापडली तर वरच्या मजल्यावरून त्याच्या डोक्यावर ढकलायची. एरवी पळायचं. कुठला शत्रू कुठल्या जिन्याशी वळतो हे आधी बघायचं, मग पाऊल टाकायचं. आम्ही दोघे सुरुवातीला अंगठा दुखेपर्यंत बटण दाबायचो. नंतर कळलं की इथे आधी थांबून पाहणाऱ्याचं फावतं. उडीच काढून घेतल्यामुळे प्रत्येक लेव्हल कोड्यासारखी झाली, आणि मला वाटतं त्या अनाम रचनाकारांचा हा सगळ्यात धाडसी निर्णय होता.

आणि म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की तिघांत या किल्ल्यात शोभतो तो रॉजरच. जीव मुठीत धरून पळणं हा त्याचा स्वभाव. १९४० पासून पडद्यावर असलेला बग्ज बनी कोणाला घाबरून पळत नाही. तो शिकाऱ्यासमोर गाजर चावत उभा राहतो आणि त्यालाच बनवतो. त्याला जिन्यांवरून पळायला लावणं म्हणजे दशावतारातल्या बडबड्या संकासुराला मुकं करण्यासारखं. आठवडाभर मी ज्याची बाजू घेऊन भांडलो तो मिकीही मला आता तिथे पाहुणाच वाटतो.

मालिका पुढेही अशीच सोंगं बदलत राहिली. १९९१ मध्ये दुसरा भाग आला: जपानात मिकी, अमेरिकेत बग्ज, युरोपात पुन्हा मिकी, आणि तिथेच नंतर ह्यूगो. हा ह्यूगो डेन्मार्कच्या टीव्हीवरचा. प्रेक्षक घरच्या फोनची बटणं दाबून त्याला पडद्यावर पळवायचे. जपानातला चौथा मिकी तर अमेरिकेत ‘द रियल घोस्टबस्टर्स’ म्हणून विकला गेला आणि युरोपात गारफिल्ड मांजराच्या नावाने. १९९९ आणि २००० साली रंगीत गेम बॉयवर बग्ज परतला. शेवटचा पाचवा किल्ला २००२ मध्ये गेम बॉय अॅडव्हान्सवर आला, तेव्हा नायक होता वुडी वुडपेकर.

वुडीचं येणं मला योगायोगापेक्षा जास्त वाटतं. १९२८ साली वॉल्ट डिस्ने यांच्या हातून त्यांचा पहिला यशस्वी नायक निसटला. ऑस्वल्ड नावाचा ससा. हक्क युनिव्हर्सलकडे होते. डिस्नेंकडे काहीच उरलं नाही, आणि त्या धक्क्यातून मिकी माऊस जन्मला. १९२९ मध्ये ऑस्वल्ड युनिव्हर्सलने सोपवला वॉल्टर लँट्झ यांच्याकडे, आणि त्याच लँट्झनी १९४० मध्ये वुडीला पडद्यावर आणलं. म्हणजे एका सशाचे हक्क गेले म्हणून मिकी झाला. तो ससा ज्यांच्याकडे गेला त्यांनी वुडी घडवला. आणि दुसऱ्या एका सशाचे हक्क मिळाले नाहीत म्हणून सुरू झालेली ही मालिका वुडीपाशी येऊन थांबली. ऑस्वल्ड डिस्नेकडे परत आला २००६ साली, एका क्रीडा समालोचकाच्या बदल्यात झालेल्या सौद्यात.

आमच्या दोन्ही कॅसेट अजून आहेत. या खेळात प्रगती साठवायला कॅसेटच्या आत सेल नाही, लेव्हलगणिक छोटा पासवर्ड मिळतो. त्यामुळे आत संपण्यासारखं काही नाही. मित्र आता फोंड्याला असतो. गेल्या चवथीला तो आला तेव्हा त्याने खिशातून बग्ज काढला, मी कपाटातून मिकी. मामाने चार नवे सेल आणून दिले आणि विचारलं, “मग, नकली कुणाची ठरली?” पासवर्ड लिहिलेली जुनी वही सापडली नाही, म्हणून आम्ही पहिल्या लेव्हलपासून सुरुवात केली.