फ्लॅट की हॉटेल? कोल्हापुरात उतरताना भाडं नंतर विचारा

मे महिन्याची सुट्टी, दिवाळी नाहीतर नवरात्र जवळ आलं की कोल्हापूरच्या माणसाला पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा एक फोन ठरलेला असतो. "अंबाबाईला येतोय. हॉटेल बघू की ॲपवरचा फ्लॅट?" आपण तोंड उघडायच्या आत फॅमिली ग्रुपवर कुणीतरी ठोकून दिलेलं असतं, "फ्लॅटच घ्या, स्वस्त पडतो आणि घरच्यासारखं राहता येतं." या सल्ल्यात दोन घोटाळे आहेत. पैशाचा घोटाळा किरकोळ आहे. दुसरा मोठा आहे, आणि तो दर हंगामात कुणाची तरी सहल नासवतो.

हॉटेल काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. स्टेशन रोड, शाहूपुरी, ताराबाई पार्क, कुठंही जा: काउंटर, रजिस्टर, आधारची झेरॉक्स, किल्ली, सकाळी पोहे नाहीतर उपीट. दिवसाच्या भाड्याचा फ्लॅट म्हणजे कुणाचं तरी रिकामं पडलेलं घर. मुलगा बंगळुरात, आई-वडील नातवंडं सांभाळायला तिकडंच, आणि इथला टू बीएचके फोटो काढून ॲपवर टाकलेला. एसी, टीव्ही, वायफाय दोन्हीकडं असतात. टॉवेल फ्लॅटवर माणशी एकच मिळतो आणि साबणाची खात्री नसते, तेवढं घरून आणा. त्यावर याहून जास्त चर्चा करणारी माणसं मला झेपत नाहीत.

पैशाचं आधी उरकतो. समजा चौघं आहात. हॉटेलच्या अडीच हजारांच्या दोन खोल्या, म्हणजे पाच हजार. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, म्हणजे झाले ५,२५०, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच नाश्ता. ॲपवर फ्लॅट दिसतो चार हजारांना. त्यावर साफसफाईचे ९०० आणि ॲपचे ६०० धरले तर ५,५००. स्वस्ताई गेली कुठं? पण साफसफाईचे पैसे एकदाच लागतात. म्हणून तीन रात्रींना तोच फ्लॅट १४,७०० ला आणि हॉटेल १५,७५० ला पडतं, आणि माणसं सहा असतील तर हॉटेलची तिसरी खोली धरून २३,६२५. एका रात्रीला दोघा-चौघांनी फ्लॅट घेऊन पैसे वाचवले म्हणणाऱ्यानं शेवटच्या पानावरची बेरीज बघितलेली नसते. माणसं आणि रात्री वाढल्या की फ्लॅट जिंकतो. संपला विषय.

आता खरा मुद्दा. हॉटेलच्या भाड्यात खोलीबरोबर एक माणूस येतो. तो रात्री दोन वाजता काउंटरमागं खुर्चीत झोपलेला असेल, वैतागलेला असेल, पण आहे. फ्लॅटच्या भाड्यात असा माणूस नसतो. गीझर, पाणी, कुलूप, मेन स्विच यातलं काहीतरी कुठंही बिघडतंच. बिघडल्यावर ते निस्तरायचं काम कुणाचं, एवढाच प्रश्न आहे. हॉटेलात ते त्यांचं. फ्लॅटमध्ये कुणीतरी फोन उचलेपर्यंत ते तुमचं.

माझे साडू ठाण्याहून सहकुटुंब आले होते. रंकाळ्याच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. फोटो झकास, गॅलरीतून तळ्याची एक चीर दिसते. पहाटे काकड आरतीला जायचं म्हणून चारला उठले, तर नळाला पाणी नाही. केअरटेकरनं तिसऱ्या फोनला उचललं. "सर, मी इचलकरंजीत आहे, तासाभरात येतो की. नाहीतर असं करा, मोटर तेवढी चालू करा. जिन्याखाली लाल बटण आहे." जिन्याखाली बटण होतं, पण त्याला जाळीचं दार आणि दाराला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडं. सेक्रेटरी बनियनवर बाहेर आले आणि त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "तुम्ही कोण? कुणाकडं आलाय?" साडूंच्या मोबाईलवर मालकाचा आदल्या दिवशीचा मेसेज होताच: कुणी विचारलं तर आमचे पाहुणे आहोत म्हणून सांगा. त्यांनी तसं सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "मागच्या आठवड्यातलेबी पाहुणेच होते." मोटर चालू केली त्यांनी, माणूस कोल्हापूरचाच. पण टाकी भरेपर्यंत जिन्यात उभं करून दिवसाच्या भाड्याविरुद्ध सोसायटीनं केलेल्या ठरावाची सगळी हकिकत ऐकवली. आरती चुकली. ॲपवर तक्रार केली, तर चार दिवसांनी मेसेज आला, 'तुमचा अनुभव कसा होता?'

यात मालक लबाड होता असं मला वाटत नाही. तो हॉटेलवाला नाही, एवढंच. त्यानं घर दिलं. केअरटेकर अशी पाच-सहा घरं सांभाळतो, एक मावशी अकरा ते एकच्या मध्ये चादरी बदलून जाते, आणि पैसे ॲपमधून येतात. त्या बिल्डिंगच्या लेखी मात्र तुम्ही कुणीच नसता. मालक नाही, भाडेकरू नाही, खरा पाहुणाही नाही. दिवसाच्या भाड्याला विरोध असलेल्या सोसायट्या भरपूर आहेत आणि त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही. दर दोन दिवसांनी नवी माणसं, नवी गाडी, रात्री बाराला बॅगांची चाकं जिन्यावर खडखडत जाणार. भांडण मालकाचं आणि सोसायटीचं असतं, पण दारात तुम्ही उभे असता. म्हणून माझा एक साधा नियम आहे: वॉचमनला काय सांगायचं हे मालक आधीच शिकवत असेल, तर तो फ्लॅट घ्यायचा नाही. तसंच कुणाचंही ओळखपत्र न मागणारा मालकही नको. आधारची प्रत द्यायला जीव घाबरत असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मिळतं, ते द्या.

या सगळ्या गोंधळाचं मूळ असं, की ॲपच्या त्याच यादीत आणखी एक प्रकार मिसळलेला असतो. नागाळा पार्कात नाहीतर रुईकर कॉलनीत बंगला असतो, खाली काका-काकू राहतात, वरच्या मजल्यावर दोन खोल्या पाहुण्यांना. पाणी गेलं तर काकूंच्या घरातलंही जातं, त्यामुळं मोटर तुमच्या आधी त्याच लावतात. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे ती याच जातीची. अशा घरी राहून आलेली माणसं 'घरच्यासारखं, काकूंनी थालीपीठ घातलं' म्हणून लिहितात आणि ते वाचून दुसरा कुणीतरी रिकामा फ्लॅट बुक करतो, ज्याची चावी गेटवरच्या नंबर-कुलपाच्या डबीत ठेवलेली असते. थालीपीठ सोडा, त्याला डबीचा नंबर लागेना म्हणून गेटवर मोबाईलचा टॉर्च धरून उभं राहावं लागतं. फोटोंवरून हे दोन प्रकार अजिबात ओळखता येत नाहीत. फोन करून एकच विचारायचं: "तुम्ही तिथंच राहता का?" उत्तर 'जवळच आहे' असं आलं, तर किती जवळ तेही विचारा.

वेळेची भानगडही याच मुळातून येते. महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून सकाळी सातच्या सुमाराला पोचते. चेक-इन बारा नाहीतर दोनला. हॉटेलात बॅगा काउंटरमागं जातात, खालच्या वॉशरूममध्ये तोंड धुता येतं, खोली रिकामी असेल तर नऊलाच मिळूनही जाते. काही लॉजवाले अजून आल्यापासून २४ तासांचा हिशोब धरतात, त्यांच्यासारखं सुख नाही. फ्लॅटमध्ये सात वाजता आदलं कुटुंब झोपलेलं असतं. तुम्ही आजी, दोन पोरं आणि चार बॅगा घेऊन मंदिराच्या रांगेत. परतीचंही तेच: अकराला किल्ली द्यायची आणि गाडी रात्रीची.

पावसाळ्यात तर याचा कस लागतो. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी महामार्गावर आलं आणि पुण्याकडची वाट बंद झाली. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. जुलै-ऑगस्टात येणाऱ्यानं हे दोन आकडे पाठ करावेत. अडकलात, तर हॉटेलात काउंटरवर जाऊन 'आणखी दोन दिवस' म्हणता येतं, कारण पुढचं गिऱ्हाईकही पोचलेलं नसतं आणि ते काउंटरवरच्या माणसाला कळतं. फ्लॅटमध्ये ते ॲपच्या कॅलेंडरला समजवावं लागतं. हॉटेलला पाणी लागत नाही असं मात्र नाही. शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर हा भाग पुरात जातो. तिथं काहीही घेताना तळमजला नको.

आता स्वयंपाकघर. 'किचन आहे' हे कारण ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, कोल्हापुरात येऊन खिचडी लावणार? सकाळी मिसळ, दुपारी खानावळीत ताट, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, रात्री गंगावेशीत कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध. गॅस पेटवायला वेळ कधी? बाळाचं दूध गरम करणं आणि म्हाताऱ्या माणसाला मऊ भात घालणं, एवढ्यासाठी किचन लाखमोलाचं आहे, ते मान्य. पण मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा पार्सल आणून हॉलमध्ये गोल करून बसायचा बेत असेल, तर आधी विचारून घ्या. कितीतरी सोसायट्यांत आणि घरमालकांकडं मांसाहार चालत नाही, आणि ही अट ॲपवर अगदी तळाशी बारीक अक्षरांत असते. बुधवारी, शुक्रवारी नाहीतर रविवारी हे कळलं तर गावात सगळीकडून रश्श्याचा वास येत असताना तुम्ही वरण-भात खाणार.

फ्लॅटला उगाच झोडपतोय असं वाटायला नको. हॉटेलवाल्यांचे नखरेही मला माहीत आहेत. एकाच कुटुंबाला एक खोली पहिल्या मजल्यावर आणि दुसरी चौथ्यावर. 'एक्स्ट्रा बेड' म्हणून जमिनीवर टाकलेली गादी. खाली हॉल असेल तर कुणाच्या तरी साखरपुड्याचा डीजे. महाद्वार रोडजवळच्या काही लॉजमध्ये अशा खोल्या, की ज्यांची खिडकी जिन्यात उघडते. खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, हे हॉटेलात निदान शक्य असतं.

आणि काही कामांना फ्लॅटच हवा. लग्नासाठी आलेली आठ-दहा माणसं, जिथं रात्री सगळ्यांनी एका हॉलमध्ये लोळत गप्पा मारायच्या आहेत. आठवडाभराचा मुक्काम, कपडे धुऊन वाळत घालायचे आहेत. सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा खाजगी दवाखान्यात पेशंट आहे. कोकणातून, बेळगावकडून अशी कितीतरी कुटुंबं इथं येतात. त्यांना डबा करायला गॅस लागतो आणि पाळीपाळीनं झोपायला दोन खोल्या. त्यांना हॉटेल सुचवणं म्हणजे त्यांचा खिसा कापणं. अशा मुक्कामात पहिल्या दिवशी मोटर, मेन स्विच आणि गॅसचा नंबर समजून घेतला की पुढं अडत नाही.

जागेचं थोडक्यात. मंदिराच्या अगदी जवळ म्हणून मंगळवार पेठेतलं नाहीतर शिवाजी पेठेतलं घर घेताना गाडीचं काय ते विचारा. गल्लीत वळत नाही ती गाडी, आणि बिंदू चौकातलं पार्किंग सुट्टीच्या दिवशी भरलेलं असतं. गाडी घेऊन येणाऱ्यानं ताराबाई पार्क किंवा स्टेशन रोडला उतरून देवळात रिक्षानं जावं. रेल्वेनं येणाऱ्यानं पेठेत राहायला हरकत नाही, उलट पहाटे चालत मंदिर गाठण्यासारखं काही नाही.

तर कुणी विचारलंच, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. दोघं-चौघं, एक-दोन रात्री: हॉटेल, आणि वाद नको. सहाच्या वर माणसं, तीन रात्रींच्या वर मुक्काम: फ्लॅट बघा, पण केअरटेकर गावात राहतो का, सोसायटीला माहीत आहे का, पाणी किती वाजता येतं आणि लिफ्ट आहे का, हे चार प्रश्न फोनवर विचारून. आजी-आजोबा बरोबर असतील तर मालक खाली राहतो असं घर मिळतंय का ते आधी शोधा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. नवरात्रात आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेला यातली निवड आपल्या हातात राहत नाही, जे मिळेल ते घ्यावं लागतं. तेव्हा पाहुणे कंपनी, त्या दिवसांत यायचं असेल तर फोन महिनाभर आधी करा. स्टँडवर उतरल्यावर नको.