लोटस ८० : ओढ वाढली, ताबा सुटला

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत घरांचे पत्रे उडाले ते केवळ वाऱ्याच्या धडकेने नव्हे. छपरावरून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब घटतो आणि आतली हवा पत्रा वर ढकलते. हेच गणित उलटे मांडून, कमी दाब गाडीच्या पोटाखाली निर्माण करून ती रस्त्याला चिकटवायची, हे फॉर्म्युला वन मोटार शर्यतींमध्ये लोटस या ब्रिटिश संघाने प्रथम यशस्वीपणे साधले. अभियांत्रिकीची आपल्याकडची मुले स्पर्धेसाठी उघड्या चाकांची एकासनी गाडी बांधायला घेतात तेव्हा हा विषय निघतोच, म्हणून त्याची फसलेली बाजू, म्हणजे लोटस ८० ही गाडी, तीही ठाऊक असलेली बरी.

लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन आणि अभियंते पीटर राइट यांच्या चमूने १९७७ च्या लोटस ७८ मध्ये ही कल्पना उतरवली आणि पुढच्याच वर्षी, मुख्यतः लोटस ७९ च्या बळावर, संघाचे चालक मारिओ आंद्रेत्ती विश्वविजेते झाले. गाडीला खाली खेचणारी ही ओढ आणखी वाढवली तर हवेच्या जोरावर गाडीला वरून दाबणाऱ्या पंखांची गरजच उरणार नाही, असा चॅपमन यांचा पुढचा हिशेब होता. त्यासाठी १९७९ च्या लोटस ८० मध्ये गाडीचा जवळजवळ सगळा तळ कामाला लावला गेला, आणि गाडी व रस्ता यांमधली बाजूची फट बंद करणाऱ्या, वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्कर्ट, मागच्या चाकांच्या आतून वळवून थेट शेपटीपर्यंत नेले गेले.

घात झाला तो इथे. सरळ पट्टी खाचेत सहज सरकते, वळवलेली अडकते. ती वर अडकली की फटीतून हवा शिरे, ओढ एकदम सुटे आणि गाडी उचलली जाई. फट पुन्हा बुजली की गाडी खाली खेचली जाई. वेगात हा हिंदोळा सुरू झाला की चालकाचा गाडीवरचा भरवसाच उडे.

स्पेनमधील हारामा येथे पदार्पणातच आंद्रेत्ती तिसरे आले, आणि माझ्या मते याच निकालाने संघाची दिशाभूल केली असावी. मोनॅको आणि फ्रान्समध्ये गाडी शर्यत पूर्ण करू शकली नाही. सहकारी कार्लोस रॉयटमन जुन्या ७९ वरच राहिले; अखेर आंद्रेत्तीही तिच्याकडे परतले. त्या वर्षी लोटसला एकही शर्यत जिंकता आली नाही. उलट लोटस ७९ चाच धडा गिरवून, पण सांगाडा अधिक ताठ करून प्रतिस्पर्धी विल्यम्स संघाने बांधलेल्या एफडब्ल्यू०७ गाडीने १९७९ मध्ये सिल्व्हरस्टोनला त्या संघाला पहिला विजय मिळवून दिला.

चॅपमन यांनी मात्र हट्ट सोडला नाही. हवेचा भार एका सांगाड्यावर आणि चालक दुसऱ्यावर, अशी दुहेरी रचनेची लोटस ८८ त्यांनी १९८१ मध्ये आणली. ती सरावात धावली. नियमबाह्य ठरल्याने शर्यतीत कधीच उतरली नाही.