टीव्हीवर पुस्तक झळकलं की लायब्ररीत काय होतं

अमेरिकेतली प्रसिद्ध टीव्ही सूत्रसंचालक ऑप्रा विन्फ्रे, तिने सप्टेंबर 1996मध्ये आपल्या टीव्ही शोमध्ये बुक क्लब सुरू केला, आणि दुसऱ्याच महिन्यात तिने टोनी मॉरिसनचं 'साँग ऑफ सॉलोमन' निवडलं. पुस्तक 1977चं, म्हणजे तेव्हा 19 वर्षं जुनं, लेखिकेला 1993मध्ये नोबेलही मिळालेलं, तरी नोबेलनंतर आली नव्हती एवढी मागणी ऑप्राने नाव घेतल्यावर आली.

आता दुकानाचं सोपं असतं, पुस्तक संपलं की प्रकाशक नवीन छापतो आणि दुकानदार मागवतो. लायब्ररीचं तसं नाहीये, तिचं बजेट वर्षाचं ठरलेलं असतं. ऑप्राला याची जाणीव होती, म्हणून निवडलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या 10,000 प्रती प्रकाशकाने लायब्रऱ्यांना फुकट द्यायच्या अशी पद्धत तिने पाडली. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण अमेरिकेत सार्वजनिक लायब्रऱ्यांच्या शाखाच 16 हजारांच्या वर आहेत, म्हणजे शाखेमागे धड एक प्रतसुद्धा नाही.

मग लागते वेटिंग लिस्ट, आणि मला यातलं गणित फार आवडतं. समजा 10 प्रती आहेत, 200 जणांनी नंबर लावलाय आणि पुस्तक 3 आठवड्यांसाठी मिळतं. दर 3 आठवड्यांनी रांग फक्त 10ने पुढे सरकणार, पहिल्या 10 जणांना लगेच मिळालं तरी शेवटच्या माणसाला 57 आठवडे थांबावं लागणार, वर्षापेक्षा जास्त! म्हणून बऱ्याच लायब्रऱ्या नियम ठेवतात की अमुक इतके नंबर लागले की एक प्रत वाढवायची. पाच जणांमागे एक प्रत धरली तर 40 प्रती घ्याव्या लागतात आणि थांबणं 12 आठवड्यांवर येतं. पण ते पैसे कुठून येतात? दुसऱ्या पुस्तकांच्या खरेदीतून. आणि गर्दी ओसरली की त्याच 40 प्रती शेल्फ अडवून बसतात आणि शेवटी जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये जातात.

ई-बुकने तरी हे सुटायला हवं होतं ना? नाही सुटलं. लायब्ररीची ई-बुकं फोनवर देणाऱ्या लिबी ॲपवर बहुतेक पुस्तकांना एका लायसन्सवर एका वेळी एकच वाचक, त्यामुळे तिथेही रांग. हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने तर 2011मध्ये नियमच केला की 26 वेळा दिलं की लायसन्स संपलं, परत विकत घ्या. दोन आठवड्यांच्या हिशोबाने 26 वेळा म्हणजे बरोबर एक वर्ष, आणि जे पुस्तक एक मिनिटही रिकामं बसत नाही त्याचं लायसन्स सगळ्यात आधी संपतं. मला हे चुकीचं वाटतं, कागदी पुस्तक त्यापेक्षा कितीतरी जास्त हातांतून जातं.

बरं, एवढी गर्दी झाली म्हणजे लोक जास्त वाचायला लागले का? क्रेग गार्थवेट या अर्थतज्ज्ञाचा 2014चा अभ्यास आहे, तो विक्रीवरचा आहे, लायब्ररीवरचा नाही, पण विचार करायला लावतो. ऑप्राने निवडलेलं पुस्तक जोरात खपायचं, पण मोठ्यांसाठीच्या कथा-कादंबऱ्यांची एकूण विक्री मात्र घटायची! त्याचा अंदाज असा की ही पुस्तकं लोकांच्या नेहमीच्या वाचनापेक्षा अवघड असायची, मग ती वाचायला वेळ लागायचा आणि मधली दोन-तीन हलकी पुस्तकं घेतलीच जायची नाहीत. मला यात वाईट काही दिसत नाही, कुणी महिनाभर मॉरिसन वाचत बसलं तर तो महिना सत्कारणीच लागला. फक्त लायब्ररीच्या नुसत्या इश्यूच्या आकड्यांवरून वाचन मोजू नये, कारण जाड पुस्तक अर्धवट परत करून पुन्हा नंबर लावणाऱ्याचे दोन इश्यू होतात आणि वाचलेलं पुस्तक एकच असतं.

याच अभ्यासात अजून एक सापडलं, त्याच लेखकाची न निवडलेली पुस्तकंही जास्त खपायला लागली. लायब्ररीच्या मेंबरसाठी हे फार कामाचं आहे. मे 2023मध्ये ऑप्राने अब्राहम व्हर्गीस यांचं केरळात घडणारं 'द कव्हेनंट ऑफ वॉटर' निवडलं, 700 पानांच्या वरचं पुस्तक, आणि मागे कुणी नंबर लावला असेल तर सहसा मुदत वाढवून मिळत नाही. अशा पुस्तकाला नंबर लावून ठेवा आणि तोवर त्यांचंच 2009चं 'कटिंग फॉर स्टोन' मागून बघा, त्याची रांग बहुतेक बरीच छोटी असेल.