जखम उघडी ठेवून वाळवू नका, पट्टी घेण्याआधी हे वाचा

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रोज कोणी ना कोणी विचारतेच, "पट्टी कायले पाहिजे भाऊ, हवा लागली की सुकते ना?" तर नाही. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग केला, त्यात झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगानं आली. नव्या पेशी कडेनं सरकत येतात, वर कडक खपली धरली की त्यांना तिच्या खालून वाट काढत जावं लागते, म्हणून उशीर.

गाडीच्या सायलेन्सरनं पोटरी भाजली तर आधी 20 मिनिटं थंड पाणी, अन् मे महिन्यात आपल्याकडं गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहासारखं तापलेलं असते तेव्हा माठातलं घ्या, पण बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको.

पट्टी जखम पाहून घ्यायची. कमी पाणी सुटणाऱ्या उथळ जखमेला हायड्रोकोलॉइड, म्हणजे जखमेचं पाणी शोषून जेल होणारी चिकट पट्टी, जास्त पाणी असलं तर स्पंजासारखी फोम किंवा समुद्री शेवाळापासून बनलेली अल्जिनेट. हायड्रोकोलॉइड काढल्यावर खाली पिवळट जेल दिसते, वासही येते, लोक पू समजून घाबरून परत येतात. धुतल्यावर जखम लाल-गुलाबी स्वच्छ दिसली तर काही झालेलं नसते. पण आजूबाजूला लाली पसरून राहिली, गरम लागते, ठणक वाढली किंवा ताप आला तर पट्टी बदलत बसू नका, डॉक्टर गाठा. रोज स्पिरिट नाहीतर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायची सवयही सोडा, त्यानं जंतूंसोबत नव्या पेशीही मरतात, सलाइननं धुतलं तरी पुरते.

शुगरवाल्यांच्या पायाची जखम मात्र आमच्या भरवशावर ठेवू नका, दुखत नाही म्हणून लहान समजू नका. मेलेली कातडी काढणं, पायावरचा भार कमी करणं, रक्तपुरवठा तपासणं हे दवाखान्यातलंच काम. मोठ्या खोल जखमेला डॉक्टर व्हॅक लावतात, म्हणजे स्पंज भरून वर फिल्म चिकटवायची आणि पंपानं साधारण उणे 125 मिलिमीटर पाऱ्याइतका (mmHg) दाब देऊन पाणी ओढून घ्यायचं. मशीन भाड्यानं मिळते, पण चिठ्ठीशिवाय आम्ही देत नाही, कितीही ओळख असो.

नायलॉन मांजानं कापलं, लोखंड घुसलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. अन् पट्टी घ्यायला येताना जखमेशेजारी रुपयाचं नाणं ठेवून मोबाईलवर फोटो काढून आणा, म्हणजे जखमेचं माप कळते, पट्टी चारही बाजूंनी दोनेक सेंटीमीटर मोठी लागते.